म्वालिमूंचा दारवान

१

गुरुवारी दुपारी माझ्या वडिलांचा आवाज चोरीला गेला. त्यांना जाऊन तेव्हा बावीस दिवस झाले होते.

'चोरी' हा शब्द धाकट्या बाबांचा, म्हणजे माझ्या काकांचा. मी तो वापरला नसता. मी नैरोबीत ग्रंथालयात काम करते. तिथे पुस्तक जागेवर नसलं की आम्ही आधी चुकीच्या फळीवर शोधतो, मग कुणी घरी नेलंय का ते बघतो. चोरीचं नाव अगदी शेवटी निघतं. पण त्या दुपारी मलाही दुसरा शब्द सापडला नाही.

बाबा, म्हणजे म्वालिमू, ओबुरा मास्तर, पूर्ण नाव नेहेमिया ओबुरा, किसुमूच्या शाळेत तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी 'दुओल' उघडली. पूर्वी प्रत्येक घराच्या कर्त्या पुरुषाची एक झोपडी असे. संध्याकाळी तिथे शेकोटीभोवती बसायचं आणि बोलणं एकाने दुसऱ्याकडे सोपवायचं, ती दुओल. बाबांची दुओल फोनवर होती. तीन हजार माणसं होती तिच्यात: कोळी, नर्सा, मोटरसायकलवाले, मासळी विकणाऱ्या बायका. ती कुठल्या कंपनीच्या मालकीची नव्हती. किबुये बाजारात हार्डवेअरच्या दुकानावर एक खोली होती, त्या खोलीतल्या यंत्रावर ती चालायची. कुणी लिहायचं, कुणी फोटो टाकायचे, कुणी आवाज टाकायचा.

बाबा रोज संध्याकाळी आवाज टाकत. कधी गोष्ट, कधी ढगांचं गणित, कधी कुणाची तरी खोडी. शेवट ठरलेला असे: "माझं झालं. आता तुमचं सांगा."

दुओलीत सगळ्यांचं नुसतं नाव दिसतं. बाबांच्या नावामागे मात्र गावाचंही नाव यायचं, सेमे. पत्ता पूर्ण लिहायची मास्तरांची सवय, असं मला वाटायचं.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी एक आवाज फक्त माझ्यासाठी पाठवला. चार मिनिटं अकरा सेकंद. खाली एक ओळ लिहिलेली: "अकेलो, घाई नाही. सवडीने ऐक." मी बैठकीत होते. पहाटे आईचा फोन आला. त्यानंतर तो आवाज मी राखून ठेवला. माशाचं डोकं मी नेहमी शेवटी खाते, तसा. आधी दफन होऊ दे, पाहुणे जाऊ देत, टीव्ही बंद करून आईने पहिल्या दिवशी त्यावर टाकलेलं फडकं निघू दे, मग ऐकू.

त्या गुरुवारी फडकं अजून होतंच, पण मला राहवलं नाही. सेमेच्या घरी, अंगणातल्या आंब्याखाली खुर्ची टाकली आणि बटण दाबलं. पडद्यावर एक गोल फिरू लागला. फिरत राहिला. मग अक्षरं आली: सापडत नाही.

मी बाबांचा दुसरा आवाज दाबून पाहिला, मग तिसरा. लिहिलेल्या ओळी सगळ्या होत्या. आवाज एकही नव्हता.

तेवढ्यात धाकट्या बाबांनी दुओलीत सगळ्यांसाठी लिहिलं: "ओगोलाने माझ्या भावाचा गळा दाबला आहे."

२

मी किबुयेला पोचले तेव्हा ओगोला खोलीत एकटाच होता. दुओलीचं यंत्र सांभाळणारा हा माणूस छत्तीस वर्षांचा, बाबांचाच विद्यार्थी. टेबलावर त्याने खोलीच्या किल्ल्या काढून ठेवल्या होत्या.

"या, म्वालिमूंची लेक. तुम्ही तरी बसून बोला. बाकीचे सगळे उभ्याउभ्याच ओरडून गेले."

"किल्ल्या कशाला काढल्यास?"

"उद्या कुणी हिसकावण्यापेक्षा आज ठेवलेल्या बऱ्या."

"काय केलंस तू?"

"दारवान बदलला."

दारवान हा बाबांचा शब्द. बाहेरून कुणी दुओलीत आलं की पहिल्यांदा जो प्रोग्राम भेटतो, त्याला कॉम्प्युटरवाले वेब सर्व्हर म्हणतात. आत दोन खोल्या. एकीत पानं तयार होतात, दुसरीतून चालू बोलणं वाहत असतं. कुणाला कुठल्या खोलीत सोडायचं ते दारवान ठरवतो. फोटो आणि आवाज फडताळातून काढून देणंही त्याच्याकडेच.

"सगळं जग वापरतं तो दारवान आपल्याकडे होता," ओगोला म्हणाला. "त्याला नव्वद ओळी लिहून समजावावं लागतं. म्वालिमूंनी दुसरा शोधला. म्हणाले, ओमेरा, अरे भावा, याला अकरा ओळी पुरतात, आणि कुलूपकिल्लीसुद्धा हा स्वतःच आणतो. मी म्हटलं, चालत्या गाडीचं चाक कशाला काढायचं? जानेवारीच्या शेवटी आमचं वाजलं. म्हणाले, 'शाळेत तू निदान प्रश्न तरी विचारायचास.' ही समोरची पायरी ते परत चढले नाहीत."

"मग आता का बदललास?"

त्याने खणातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली. अक्षर मी लांबूनच ओळखलं.

"घरच्या वाटणीत ही माझ्या वाट्याला आली. सगळं लिहून ठेवलंय यात. म्हटलं, जिवंतपणी ऐकलं नाही, आता तरी ऐकावं. आज सकाळी त्यांच्या अकरा ओळी घातल्या. डिस्क भरत आली होती, म्हणून हात फिरता आहे तोवर झाडूही मारला."

"झाडू म्हणजे?"

"बाहेरच्या गावांच्या दुओली असतात ना आपल्यासारख्या, तिथून आलेल्या जुन्या प्रती. चौदा दिवसांपलीकडच्या. त्या पुसल्या तरी बिघडत नाही, कुणी मागितल्या की यंत्र मूळ घरी जाऊन पुन्हा आणतं. आपल्या माणसांच्या वस्तूंना मी हात लावलेला नाही, आईशप्पथ."

मी वही उघडली. फेब्रुवारीतलं एक पान होतं: "पाहुणा कुलपाच्या दारातून आला हे आत कळवायला विसरलो. आतला म्हणतो, कुलपाच्या दारातून ये. दार म्हणतं, तिथूनच तर आलाय. बिचारा दिवसभर फिरत राहिला. चूक माझी. एक ओळ वाढवली, सुटला."

"इथेही तसंच झालं असेल," मी म्हटलं. "एखादी ओळ राहिली असेल."

"मीही तेच धरून बसलोय. नव्याला काढतो आणि जुन्याला उभा करतो. तुमच्यासमोर."

वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात खाली कुणीतरी खिळे तोलून घेत होतं. ओगोलाने कपाळ पुसलं आणि म्हणाला, "दाबा."

मी दाबलं. दारात जुना दारवान होता, नव्वद ओळींसकट. गोल फिरला, फिरत राहिला. सापडत नाही.

३

"त्याला रडवलंस की काय?" दारातून आवाज आला.

रिस्पा अपोन्दी. माझी शाळेतली मैत्रीण, डुंगाच्या दवाखान्यात नर्स. दुओलीत शिवीगाळ झाली की ती पुसायची आणि भांडखोरांना बाहेर काढायचं काम तिच्याकडे होतं. म्हणजे एखादी गोष्ट दुओलीतून नाहीशी करायचा अधिकार ओगोलाखेरीज फक्त तिला होता. हातात गरम तळलेल्या मंदाझींची पुडी होती. तिने ती आमच्या मध्ये ठेवली.

"खा. उपाशी पोटी संशय वाढतो."

"रिस्पा, तुला एक विचारायचंय."

"विचार ना. मी केलं का, हेच ना? जिन्यावरच ठरवून आले होते, ही विचारणार म्हणून."

"एप्रिलमध्ये बाबांनी एक गोष्ट सांगितली होती. अवघडलेल्या बाईवर खेकसणाऱ्या नर्सची."

"अख्ख्या डुंगाला कळलं ती मीच. आठ दिवस बायका मला बघून पोट धरून हसत होत्या." तिने पुडीतून एक मंदाझी उचलली. "मी खेकसलेच होते, अकेलो. सोळा तास उभी होते, पण खेकसले. म्हाताऱ्याचा राग आला मला. फार आला. तू माझ्या जागी असतीस तर तुलाही आला असता."

"मग?"

"मग काय? तुझा फोन आण इकडे." तिने ती गोष्ट उघडली. आवाजाच्या जागी गोल फिरत होता. पण बाबांची ओळ होती, आणि खाली लोकांच्या ओळी होत्या. त्यांत रिस्पाचीही होती: "म्वालिमू, तुमचं बाळंतपण माझ्या हातून झालं नाही हे तुमचं नशीब."

"मी एखादी गोष्ट पुसते ना," ती म्हणाली, "तेव्हा ती मुळासकट जाते. शब्द, आवाज, खालच्या शिव्या, सगळं. माझ्याकडे एवढं एकच बटण आहे. शब्द ठेवून नुसता आवाज काढून घ्यायची सोय देवाने मला दिलेली नाही. नाहीतर पहिल्यांदा तुझ्या काकांवर वापरली असती."

ओगोलाने मान हलवली. "बरोबर आहे तिचं."

"आणि काकांचंच विचारायचं तर," रिस्पा मंदाझी मोडत म्हणाली, "काल सकाळी ते इथे कशाला आले होते, ते या बाबाने तुला सांगितलं का?"

ओगोला खाली बघत होता.

४

धाकटे बाबा, ओविती, आमच्याच आवाराच्या पलीकडच्या टोकाला राहतात. सेमेला पोचले तेव्हा ते झाडाखाली बसले होते. बाबांची काठी गुडघ्यांवर आडवी होती.

"चोर सापडला का, पोरी?"

"तुम्ही काल किबुयेला गेला होतात."

"गेलो होतो. गुन्हा आहे?"

"ओगोला म्हणतो, एक आवाज काढून टाक म्हणून तुम्ही त्याच्या मागे लागला होतात."

ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. "तुझा बाप मोठा माणूस होता. पण कुठलं बोलणं घरातलं आणि कुठलं चारचौघांतलं, ते त्याला कळत नव्हतं. आपल्या दोघांमधली हद्द कुठल्या निवडुंगापासून कुठल्या निवडुंगापर्यंत, हे तीन हजार माणसांना सांगायची काय गरज होती?"

"कारण तुम्ही एक निवडुंग हलवला होता."

"वाऱ्याने पडला होता!"

"आठ पावलं पलीकडे?"

ते हसले. चोर हसतो तसं नव्हे, थकलेल्या धाकट्या भावासारखं. "हे बघ. मी एकच काढायला सांगितलं होतं, तेही त्याने काढलं नाही. मग मी सगळे कशाला नेईन? त्याच्या गोष्टी मीही ऐकायचो. रोज, जेवणाआधी. आणि कमाल बघ..." त्यांनी खिशातून फोन काढला. "सगळं गेलं. आणि नेमकं हेच मेलं शिल्लक राहिलंय!"

त्यांनी दाबलं, आणि आंब्याखाली माझे वडील बोलू लागले.

"...मोठ्या दगडापासून मोजायला सुरुवात करा. दगड खोटं बोलत नाही. माझा भाऊ बोलतो, पण तो माझा भाऊ आहे..."

स्वयंपाकघराच्या दारात आई येऊन उभी राहिली. तो आवाज शेवटपर्यंत गेला: माझं झालं. आता तुमचं सांगा.

"हा कधीचा?" मी विचारलं.

"नोव्हेंबरचा."

मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि तिथून पुढे पुढे येत एकेक दाबत गेले. डिसेंबर बोलत होता. जानेवारी बोलत होता. जानेवारीच्या शेवटच्या रविवारपर्यंत बाबा ठणठणीत बोलत होते. फेब्रुवारीपासून पुढे सगळीकडे गोल फिरत होता.

"सगळं गेलेलं नाही," मी म्हटलं. "ओगोलाशी भांडल्यानंतरचं तेवढं गेलंय."

"म्हणजे ओगोलाच!" धाकटे बाबा काठी आपटून म्हणाले. "डूख धरून बसला होता!"

मला तसं वाटत नव्हतं. पण काय वाटत होतं तेही कळत नव्हतं. आणि आठवतं, त्या क्षणी माझी नजर त्या काठीवर होती. ती मीच त्यांना दिली होती. दफनानंतर चार दिवसांनी, बुधवारी, मयताच्या वस्तू नातलगांत आणि जवळच्या माणसांत वाटल्या. लांबचे लोक पुन्हा येणार नव्हते म्हणून धाकट्या बाबांनी घाई केली. ते अंगणात बसून नावं पुकारत होते आणि मी बाबांच्या खोलीतून वस्तू आणून देत होते. कोट, टोपी, दोन जोडी बूट, रेडिओ, वही, काठी, टीव्हीखालची छोटी काळी पेटी, चष्मा. कोट थंडगार होता. पेटी हाताला कोमट लागली. चष्मा कुणालाच नको होता, तो मी ठेवला.

हे सगळं मला आठवत होतं. पण त्यातलं काय महत्त्वाचं, ते मला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत समजलं नाही.

५

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा किबुयेची पायरी चढले. ओगोला तिथेच होता, किल्ल्याही तशाच टेबलावर. दुओलीत रात्रभर लोक त्याला बोलत होते. एका कोळ्याने लिहिलं होतं की हा माणूस माझ्या नावेत बसला तर मी नाव उलटी करीन.

"एक सांग," मी म्हटलं. "माझ्या नावामागे गावाचं नाव का येत नाही?"

"तुम्ही इथल्याच आहात म्हणून. बाहेरच्या दुओलीवरून बोलणाऱ्याच्याच नावामागे त्याच्या दुओलीचं नाव लागतं."

"बाबांच्या मागे लागायचं. सेमे. फेब्रुवारीपासून. मी काल मोजून पाहिलं. जानेवारीत नाही, फेब्रुवारीत आहे."

त्याने पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याचा चेहरा उतरताना मी पाहत होते.

"त्यांनी स्वतःचं घर काढलं होतं," तो हळू म्हणाला. "मला ठाऊक होतं. म्हणजे, नाव रोज दिसायचं, रोजच्या रोज... पण माझ्या डोक्यात ते आपलेच होते. म्वालिमू बाहेरचे कसे असतील?"

मी वही उघडली. फेब्रुवारीतलं ते फिरणाऱ्या पाहुण्याचं पान. किबुयेच्या यंत्राला त्यांनी तेव्हा हातही लावला नव्हता. मग दारवान बसवला कुठे होता? दारवान आहे म्हणजे दार आहे, दार आहे म्हणजे घर आहे. ते नुसतं सांगत बसले नव्हते, त्यांनी करून दाखवलं होतं. आमच्या आवारात, अकरा ओळींच्या दारवानामागे त्यांची एकट्याची दुओल उभी होती. रोज संध्याकाळी ते तिथून बोलत, आणि किबुयेचं यंत्र त्याची एक प्रत आपल्याकडे ठेवत होतं.

"शब्दांच्या प्रती झाडूत जात नाहीत," मी म्हटलं. "आवाजाच्या जातात."

"चौदा दिवसांपलीकडच्या." तो उभा राहिला होता. "त्यांचं शेवटचं बोलणंसुद्धा तीन आठवड्यांपलीकडचं. काल मीच झाडलं. म्वालिमूंना मीच... पण त्याने काही बिघडत नाही! मूळ त्यांच्या घरी आहे. मागितल्यावर यंत्र जाऊन आणतं."

"मग आणत का नाही?"

तो बसला आणि यंत्राने ठेवलेल्या नोंदी बघू लागला. मी त्याच्या खांद्यावरून पाहत होते. हजारो ओळी, प्रत्येकीला तारीख आणि वेळ. हे यंत्र रोज सेमेच्या घराला हाक मारत होतं आणि ते ओ देत होतं. बाबा गेल्यावरही. दफनाच्या दिवशीही. मग एका जागी ते थांबलं. त्यानंतरच्या प्रत्येक ओळीत एकच: उत्तर नाही. उत्तर नाही. उत्तर नाही.

"शेवटची ओ कधीची?"

"मागच्या बुधवारी. सकाळी अकरा वीसला." त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. "म्हणजे माझ्या झाडूच्या आठ दिवस आधी. कुणीतरी ते बंद केलं. बुधवारी अकरा वाजता म्वालिमूंच्या खोलीत कोण होतं?"

मला हातातली ती कोमट पेटी आठवली. घरात पंधरा दिवस टीव्हीवर फडकं होतं. टीव्हीची पेटी कोमट असायचं काही कारण नव्हतं.

वहीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी होत्या. "पेटी छान चालते. पावाएवढी, पण पाव शिळा होतो." आणि खाली: "सगळ्याची एक जादा प्रत काढून ठेवणे. रविवारी." त्यांना तो रविवार मिळाला नव्हता.

"मी होते," मी म्हटलं.

६

पेटी ओचोलाच्या वाट्याला आली होती. ओचोला माझा आतेभाऊ, सरोवरापलीकडे म्बिताला नावांची इंजिनं दुरुस्त करतो. बुधवारी अंगणात त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा माझ्या हातात योगायोगाने पेटी होती. एवढंच. एक माणूस आधी पुकारला असता तर त्याला बूट मिळाले असते.

ओगोला आणि मी दुपारच्या फेरीबोटीने गेलो. आमच्या शेजारी एका बाईने कोंबड्यांची टोपली ठेवली होती. त्यातली एक सुटली आणि थेट गाड्यांच्या खाली गेली. चार माणसं पोटावर पडून तिला हाका मारत होती. ओगोला पहिल्यांदाच हसला.

"नुसतीच बंद असेल," तो म्हणाला. "तार लावली की उठेल."

"हं."

"आत सगळं असेल. पंधरा मिनिटांत काढून घेईन."

मी सरोवराकडे पाहत राहिले. ग्रंथालयात एखादं पुस्तक परत येतं तेव्हा मी ते आधी वजनावरून ओळखते, पानं फाटलेली असली की. त्या दुपारी मला काहीतरी असंच हलकं लागत होतं.

ओचोलाचं घर मासळीच्या जाळ्यांमागे होतं. त्याने आम्हाला बघून हात पसरले.

"अकेलो! अगं, आधी कळवायचं ना! बाई, मासा चढव. हा कोण?"

"ओगोला. बाबांचा विद्यार्थी."

"मग आमचाच. बसा, बसा. मामाची पेटी बघा, कशी राजासारखी ठेवलीय."

टीव्हीखाली विणलेल्या पांढऱ्या रुमालावर ती पेटी होती. हिरवा दिवा चालू होता. पडद्यावर बावीस माणसं चेंडूमागे पळत होती.

"सुरुवातीला चालतच नव्हती," ओचोला म्हणाला. "लावली की नुसती पांढरी अक्षरं. म्हटलं, मामाने काय भलतंच भरून ठेवलंय यात! मग बाजारातल्या माणसाकडे नेली. त्याने आतलं सगळं पुसलं आणि सामने घातले. आता बघ! काच पुसल्यासारखं दिसतं."

"ओगोलाला जरा बघू देशील?" मी म्हटलं. "नीट चालतेय ना, एवढंच."

"बघ की, ओमेरा. पण सामना संपल्यावर."

सामना संपेपर्यंत आम्ही बसलो. मासा आला, मक्याच्या पिठाची उगाली आली. माशाचं डोकं ओचोलाच्या बायकोने माझ्या पानात वाढलं. पाहुणी म्हणून. मी ते आधी खाल्लं.

मग ओगोलाने पेटी आपल्या कॉम्प्युटरला जोडली. अर्धा तास तो वाकून बसला होता. मी त्याच्या मानेकडे बघत होते. मानेनेच मला आधी कळलं. त्याने वर पाहिलं आणि मान हलवली, अगदी थोडी, ओचोलाला दिसू नये इतकी. पुसलेल्यावर पुन्हा सामने लिहिले गेले होते, पुन्हा पुन्हा, आठवडाभर.

"काय रे, बिघडलीय का?" ओचोलाने काळजीने विचारलं. "मामाची वस्तू आहे म्हणून विचारतो. मी तिला कुणाला हात लावू देत नाही."

ओगोला माझ्याकडे पाहत होता. मी काय बोलते त्यावर आता सगळं होतं.

"नाही," मी म्हटलं. "छान चालतेय. वापर."

७

परतीच्या फेरीबोटीवर ओगोला म्हणाला, "झाडू माझाच होता. मी झाडलं नसतं तर प्रत आपल्याकडे राहिली असती. तसंच लिहितो. आणि किल्ल्या देतो."

"मी तार काढली नसती तर तुझ्या झाडूने काही झालं नसतं."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तुला होतं?"

किनारा दिसू लागेपर्यंत आम्ही दोघं आपापला गुन्हा घट्ट धरून बसलो होतो. मग मी फोन काढला आणि दुओलीत लिहिलं: "म्वालिमूंचे फेब्रुवारीनंतरचे आवाज आता मिळणार नाहीत. ते ज्या पेटीत होते ती घरातल्या वाटणीच्या दिवशी मी स्वतः बंद केली. ओगोलाने काहीही चोरलेलं नाही. त्याने बसवलेला दारवान बाबांचा आहे. तो परत बसवावा, ही माझी विनंती." पेटी कुणाकडे गेली ते लिहिलं नाही.

रिस्पाची ओळ पहिली आली: "ओगोला, किल्ल्या उचल. उद्या मंदाझी तू आण." धाकट्या बाबांनी काही लिहिलं नाही. पण घरी पोचले तेव्हा ते आमच्या दारात उभे होते. म्हणाले, "माझ्याकडचं ते निवडुंगांचं आहे ना, ते पुसू नका म्हणावं," आणि अंधार पडायच्या आत आपल्या घराकडे गेले.

आई शेंगा सोलत होती. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. ती हात न थांबवता ऐकत होती.

"आई, ते मला पाठवलं तेव्हा तू खोलीत होतीस?"

"होते की. इथेच, अशीच बसले होते."

"मग काय म्हणाले ते?"

ती आठवत राहिली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. एवढं निरखून पाहिल्याचं मला कधी आठवत नाही.

"सुरुवातीला तुझं नाव घेतलं. मग मला म्हणाला, न्यार-असेम्बो, असेम्बोच्या लेकी, पाणी आण गं. मला वाटतं, मी समोर असताना त्याला बोलायला लाज वाटत होती. मी टाकीवर गेले. नळाला धार बारीक होती." तिने एक शेंग फोडली. "परत आले तेव्हा तो म्हणत होता, माझं झालं, आता तुझं सांग."

"आणि मधलं?"

"मध्ये मी टाकीवर होते, बाळ."

ते शेवटचं वाक्य मला ठाऊक होतंच. ते सगळ्या दुओलीला ठाऊक आहे.

मी फोन उघडला. चार मिनिटं अकरा सेकंद. खाली त्यांची ओळ, अजून तशीच. घाई नाही. सवडीने ऐक. मी दाबलं आणि गोल फिरू लागला. आईने वाकून त्याच्याकडे पाहिलं, जरा वेळ पाहत राहिली, मग पुन्हा शेंगा हातात घेतल्या.

"मग सांग की," ती म्हणाली. "त्याने विचारलंय ना?"

बरंच काही असणार होतं सांगायला, एक्केचाळीस वर्षांचं. शेवटी मी तिला फेरीबोटीवर सुटलेल्या कोंबडीचं सांगितलं.